भंगारातून आणलेले जुने सीगल इंजिन: सुरुवात कुठून करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: दारूखान्यातल्या एका भंगाराच्या दुकानातून आपण ‘ब्रिटिश सीगल’ हे होडीच्या मागे लावायचे जुने इंजिन घेतले आहे, त्याचे चाक हाताने जराही फिरत नाही, आणि यंत्रकामाचे शिक्षण नसताना मुंबईतल्या फ्लॅटमध्ये राहून, निव्वळ छंद म्हणून, ते पुन्हा चालू करता येईल का. माझ्या अनुभवाने येईल. मी आजवर अशी तीन इंजिने चालू केली आहेत, त्यांतली दोन सीगल होती, आणि तिन्ही वेळा हाच धडा मिळाला की या इंजिनाची रचना समजायला एक रविवार पुरतो, पण त्यात वर्षानुवर्षे मुरलेले मीठ काढायला महिने लागतात. म्हणून मी मिठाबद्दलच जास्त लिहिणार आहे.

सीगल इंजिने इंग्लंडमध्ये १९३१ साली तयार होऊ लागली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने ती मोठ्या संख्येने घेतली होती. एक सिलिंडर, दोन स्ट्रोक, दोरी गुंडाळून ओढायचे उघडे चाक, खाली लांब पाय आणि त्याच्या टोकाला संथ फिरणारा मोठा पंखा, एवढाच त्यांचा संसार असतो. जे आहे ते डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते, त्यामुळे नवशिक्याला यापेक्षा चांगले इंजिन सापडणे कठीण आहे. क्रँककेसवर, म्हणजे सिलिंडरखालच्या धातूच्या पेटीवर, ठोकलेला क्रमांक घासून, पुसून आधी वहीत उतरवून घ्या, कारण त्यावरून मॉडेल आणि साधारण काळ ठरवता येतो आणि पुढे सुटे भाग मागवताना तोच उपयोगी पडतो.

आता मीठ. आपल्याकडची हवा खारी आणि दमट, त्यात ॲल्युमिनियमच्या अंगात पोलादी बोल्ट बसवलेला असला की दोन धातूंमध्ये खाऱ्या ओलाव्यामुळे क्षरण सुरू होते आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी आट्यांमध्ये गच्च भरून बसते. बाहेरून बोल्ट ठीक दिसतो, आत मात्र तो जणू सिमेंटमध्ये पुरलेला असतो. माझ्या पहिल्या इंजिनाच्या वेळी मी एका संध्याकाळी घाईने लांब दांड्याचा पाना लावला, सगळे वजन टाकले, आणि बोल्ट फिरतो आहे असे वाटून आनंद झाला त्याच क्षणी हातातला विरोध अचानक मऊ झाला. डोके पान्यात आले आणि दांडी आतच राहिली. तेवढी एक दांडी बरोबर मध्यावर भोक पाडून काढायला मला पुढचे तीन रविवार लागले, आणि तरीही शेवटी कुर्ल्याच्या एका टर्नरकडून नवे आटे पाडून घ्यावे लागले. तो विरोध मऊ होण्याची जाणीव लक्षात ठेवा. बोल्ट खरोखर सुटतो तेव्हा बहुधा आधी बारीकसा ‘कट्’ आवाज येतो. आवाज न येता पाना नुसताच लवतो आहे असे वाटले, तर तिथेच थांबावे.

त्यामुळे पहिले दोन आठवडे पाना हातात घेऊच नका. डिझेल आणि पॉवर स्टीअरिंगचे तेल निम्मे-निम्मे मिसळून रोज सकाळी प्रत्येक बोल्टच्या मुळाशी दोन-तीन थेंब सोडा आणि लहान हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके टकटक करा, म्हणजे तेल आट्यांत उतरते. पुढे सोडवताना आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग उलट, असे थोडे थोडे पुढे-मागे करावे. ऊब दिल्यानेही फायदा होतो, पण गॅसची ज्योत वापरणार असाल तर पेट्रोलची टाकी आधी घराबाहेर गेलेली असली पाहिजे आणि ज्योत एका जागी धरता कामा नये. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधी लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही.

आपले चाक फिरत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटल्या आहेत. ठिणगीचा प्लग काढून त्या भोकातून हेच मिश्रण आत ओता, आठवडाभर राहू द्या आणि मग चाक दोन्ही हातांनी धरून सावकाश मागे-पुढे दाबा. केसभर हलले तरी काम झाले, उद्या बोटभर हलेल. पिस्टनवर लाकूड ठेवून घण मारण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो कधीही देणार नाही, कारण पिस्टन फुटला तर खर्च इंजिनाच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

हत्यारांबाबत एक अडचण सांगून ठेवतो. जुन्या सीगलचे बरेच नटबोल्ट ब्रिटिश मापांचे असतात, त्यांवर आपले मिलिमीटरचे पाने नीट बसत नाहीत आणि कोपरे गोल होतात. मला व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश, मापाचे पाने चोरबाजारात मिळाले. एकेकाळी विलायती यंत्रांवर चालणाऱ्या गिरण्यांच्या या शहरात ते मिळावेत याचे नवल नाही. ऑइल सील, बेअरिंग, गॅसकेटचा कागद यांसाठी नागदेवी स्ट्रीटला जावे आणि जुना नमुना सोबत न्यावा. खास सीगलचे भाग इंग्लंडमधून मागवता येतात, पण साधी बुशिंग, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या, इथला चांगला टर्नर सहज करून देतो.

ठिणगीचे काम मला सर्वांत आवडते. चाकाखाली मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणारा भाग, असतो. त्यातल्या पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करणाऱ्या विजेच्या टोकांवर, काळपट थर चढलेला असतो, तो बारीक पॉलिशपेपरने काढून फट साधारण अर्धा मिलिमीटर ठेवायची. तरीही ठिणगी पिवळी आणि मरगळलेली येत असेल तर पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरवर (म्हणजे कपॅसिटरवर) संशय घ्यावा. मूळ कंडेन्सर शोधत बसू नका. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा साधा कपॅसिटर माझ्या दोन्ही सीगलना चालला. अंधारात दोरी ओढून प्लगच्या टोकाशी निळी, कडक ठिणगी पाहिली की पुढच्या कामाला हुरूप येतो.

इंधनाच्या बाबतीत जुनी पुस्तके आज अपुरी पडतात. आपल्या पंपांवरचे पेट्रोल आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. ते जुने रबर फुगवते, पावसाळी हवेतला ओलावा शोषून घेते, आणि जुन्या अमेरिकी इंजिनांत कार्बोरेटरचा तरंगणारा गोळा बुचाच्या लाकडाचा असेल तर त्यावरचा लाखेचा लेप विरघळवते. म्हणून नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घ्या आणि काम झाले की टाकी व कार्बोरेटर दोन्ही कोरडे करा. टाकीच्या तोटीतले बूच आटून गळत असेल तर गरम पाण्यात भिजवल्यावर ते बहुधा फुगून बसते. पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचे प्रमाण मॉडेलप्रमाणे बदलते: जुन्यांना १० ला १, म्हणजे लिटरला १०० मिलिलिटर, आणि पुढच्या काळातल्यांना २५ ला १, म्हणजे ४० मिलिलिटर. दुचाकीचे तेल न घालता पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचे, ‘टीसी-डब्ल्यू ३’ लिहिलेले तेल घ्यावे. भाग धुण्यासाठी मात्र पेट्रोल वापरू नका, डिझेल पुरते. फ्लॅटच्या गॅलरीत उघडे पेट्रोल ठेवणे हा शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

खालच्या गिअरबॉक्समधून दुधासारखे पांढरे तेल निघाले तर घाबरू नका. होडीच्या मागे लावायच्या इतर (आउटबोर्ड) इंजिनांत ती सील गेल्याची खूण असते, पण सीगलमध्ये थोडे पाणी आत शिरणारच असे धरून जाड, १४० ग्रेडचे तेल सांगितलेले आहे. ते पाण्यात मिसळूनही वंगणाचे काम करते. फक्त ते वारंवार बदलत जा.

रंगकाम शेवटी करा, आणि जमल्यास करूच नका. टाकीवरचे मूळ अक्षरचित्र अर्धे शिल्लक असले तरी ते नव्या रंगापेक्षा मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्यांदा चालू करताना २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा पिंप, त्याच्या काठावर जाड फळी घट्ट बांधून त्यावर इंजिन, आणि इंजिन थंड ठेवायला पाणी वर चढवणारा खालचा पंप पूर्ण बुडेल इतके गोडे पाणी अशी तयारी करा. अनेक सीगलना क्लच नसतो, त्यामुळे इंजिन पेटताक्षणी पंखा फिरू लागतो आणि पाणी उसळते. दोरीही चाकावरून सुटून मागे फटकन येते, म्हणून आपल्या पाठीशी कोणालाही उभे राहू देऊ नका. हे सोसायटीच्या आवारात करू नये, धूर आणि आवाज दोन्ही फार होतात. मी मढच्या एका नाखवांच्या अंगणात करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि त्या दिवसांत तिथे जो सल्ला मिळतो तो कुठल्याही पुस्तकात नाही. समुद्रात नेण्याआधी होडीच्या नोंदणीबद्दल महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे चौकशी करावी.

इंजिन पेटले की आधी ते थंड करून पाणी बाहेर येण्याच्या जागेकडे पाहा. सुरुवातीला तांबूस, खवल्यांनी भरलेले पाणी येईल, ते आतल्या वाटांत साचलेले मीठ आणि गंज आहे. धार अजिबात आली नाही तर लगेच बंद करा आणि वाटा तारेने मोकळ्या करा. धार आली तर त्याखाली हात धरा. पाणी कोमट आणि स्वच्छ येईपर्यंत पिंपातले पाणी बदलत राहा. माझ्या दुसऱ्या सीगलला त्यासाठी चार पिंप पाणी लागले होते.