बायबलमध्ये नीतिमान आणि दुर्जन यांच्यात नेमका फरक काय?

तुम्ही विचारलंय की नीतिमान म्हणजे कधीच न चुकणारा का, आणि त्याचं भलं होतं म्हणतात तर तसं दिसत का नाही. मी काही धर्मगुरू नाही. पुण्यात नाना पेठेत वाढलो, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो, तेवढ्याच अधिकारात सांगतो.

कधीच न चुकणारा, हे आधी डोक्यातून काढा. बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात नीतिमान सात वेळा पडतो आणि उठतो. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात याकोबाचा मुलगा यहूदा आपल्या सुनेबद्दल, तामारेबद्दल, कबूल करतो की ही माझ्यापेक्षा नीतिमान आहे. तिने काय केलं होतं ते 38व्या अध्यायात वाचा. आमच्या संडे स्कूलमध्ये तो अध्याय कुणी शिकवला नाही!

माझे वडील भुसार बाजारात दिवाणजी होते, बाजार नाना-भवानी पेठेत होता तेव्हापासून. पुढे तो गुलटेकडीला गेला. त्यांच्या शेठकडे पाच किलोची दोन वजनं होती. आकडा दोन्हींवर तोच, पण एकाच्या बुडाच्या भोकातलं शिसं खरवडून काढलेलं. ते विक्रीचं. खरेदीच्या वजनात शिसं वरून जास्त ठोकलेलं. वडील घरी आले की बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा 25वा अध्याय काढायचे: थैलीत एक लहान, एक मोठं अशी दोन वजनं बाळगू नकोस. हिब्रूत तिथे ‘दगड आणि दगड’ असे शब्द आहेत, कारण तेव्हा वजनं दगडाची असत. आमोस संदेष्टाही अशाच लोकांवर चिडतो, शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, कधी संपतो आणि धान्य विकायला कधी काढतो याची वाट बघत माप लहान करणाऱ्यांवर. बायबलमधला दुर्जन बहुतेक वेळा असा असतो, गल्ल्यावर बसलेला, सणवार पाळणारा.

बायबलच्या स्तोत्रसंहितेत, पहिल्याच स्तोत्रात, नीतिमान म्हणजे पाण्याकाठचं झाड आणि दुर्जन म्हणजे वाऱ्यावर उडणारं भूस. मला लहानपणी वाटायचं, झाडासमोर काटेरी झुडूप का नाही? मग शिरूरकडे आजोळी बाजरीची उफणणी पाहिली. सूप वरून हलवलं की दाणे पायाशी पडतात आणि भूस लांब जातं, थोडं आपल्या मानेत जाऊन दिवसभर खाजवतं. दोन्ही आलेलं असतं एकाच कणसातून.

आता भल्याचं. पहिलं स्तोत्र म्हणतं, नीतिमान जे करतो ते सफळ होतं. पण त्याच संग्रहातलं 73वं स्तोत्र वाचा. ते ज्याच्या नावावर आहे तो आसाफ सरळ म्हणतो की दुर्जनांचा मला हेवा वाटला, ते धष्टपुष्ट आहेत, मी उगाचच मन शुद्ध ठेवलं. हे वाक्य कुणी खोडलं नाही, प्रार्थनेच्या पुस्तकातच ठेवलं. नीतिमान असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक तर अख्खं याच भांडणावर आहे. पुढे आसाफ देवाच्या मंदिरात जातो तेव्हा त्याला दुर्जनांचा शेवट कळतो, पण त्या दिवशी बाहेर काही बदललं असं स्तोत्रात कुठे लिहिलेलं नाही.

आमच्या शेठचंही काही वाकडं झालं नाही. आणि वडिलांनी ती नोकरी सोडली नाही. आम्ही तीन भावंडं शिकत होतो, आणि त्या दोन वजनांचा हिशेब त्यांच्याच अक्षरात लिहिलेला होता. त्यांच्या बायबलात बोटं लागून सगळ्यात काळं पडलेलं पान लूकच्या शुभवर्तमानातल्या 18व्या अध्यायाचं आहे, जिथे येशूच्या गोष्टीतला जकातदार लांब उभा राहून, वर न बघता, देवाकडे दया मागत छाती बडवून घेतो.