फ्लेअर हेडरच्या हिशेबातील शक्यता

प्रिय तरुण सहकारी,
सप्रेम नमस्कार.

तुमचा आराखडा वाचला. कूलिंग वॉटर बंद पडताच दहाही कॉलम (ऊर्ध्वपातनाचे उंच मनोरे) एकाच वेळी फ्लेअरकडे, म्हणजे जादा वायू जाळणाऱ्या चिमणीकडे, वायू सोडतील असे धरले तर सध्याचा हेडर, म्हणजे तिकडे नेणारा सामाईक पाइप, अपुरा ठरतो. म्हणून कॉलमला उष्णता देणाऱ्या प्रत्येक रीबॉयलरची वाफ तोडणारा ट्रिप (आपोआप बंद करणारी यंत्रणा) बसवून हेडर तसाच ठेवावा, ही तुमची सूचना मला मान्य आहे. हेडरचा भार काढताना असे ट्रिप चालतील हे काही अटींवर गृहीत धरण्यास एपीआय ५२१ हे दाबमुक्ती व्यवस्थेचे अमेरिकन मानक वाव देते. मात्र ट्रिप आहे म्हणून एखाद्या कॉलमवरचा, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह लहान करायचा नाही, हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा.

दहाही ट्रिप एकदम चुकण्याची शक्यता तुम्ही एक हजार कोटींत एक अशी काढली आहे. प्रत्येक ट्रिप दहांत एकदा चुकतो आणि ते सारे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र आहेत, असे मानले तरच हा आकडा येतो. शिवाय प्रश्न दहांचा नाहीच. हेडर तीन कॉलमचा भार पेलत असेल, तर तीनहून अधिक ट्रिप चुकण्याची शक्यता याच गृहीतकावर सुमारे १.३ टक्के निघते. पुढे मोजमाप पाठवणारे ट्रान्समीटर एकाच बनावटीचे, त्यावरून ट्रिपचा निर्णय घेणारा लॉजिक सॉल्व्हर सामाईक आणि सगळ्यांचे कॅलिब्रेशन एकाच माणसाने एकाच दिवशी केलेले असले, तर १.३ टक्क्यांवरही विसंबता येणार नाही.

चाचणीच्या कालावधीकडेही पाहा. न कळणाऱ्या बिघाडाचा दर वर्षाला ०.०२ धरल्यास, दरवर्षी तपासलेला ट्रिप गरजेच्या वेळी चुकण्याची सरासरी शक्यता साधारण ०.०१ असते, तपासणी चार वर्षांच्या शटडाउनपर्यंत लांबली की ती ०.०४ होते. ही तारीख पाळण्याची जबाबदारी प्लांटने लेखी घेतली नसेल, तर हिशेबात चार वर्षेच धरा.

त्यानंतर परिणाम मोजा, कारण बहुतेक अहवाल नेमके इथेच आटोपते घेतात. चार, पाच, सहा कॉलम एकदम सुटले तर बॅक प्रेशर (व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपमधला दाब) किती चढते आणि साध्या बनावटीच्या व्हॉल्व्हची त्यासाठीची सेट प्रेशरच्या (व्हॉल्व्ह उघडण्याच्या दाबाच्या) १० टक्क्यांची मर्यादा कुठे ओलांडली जाते, ते प्रत्येक स्थितीसाठी काढा. एखाद्या कॉलममधला दाब कमाल अनुज्ञेय दाबाच्या १.२ पट गेला, तर नियम मोडतो, पण कॉलम बहुधा टिकतो, पाण्याने दाब देऊन घेतलेल्या हायड्रोटेस्टच्या दाबापलीकडे, म्हणजे १.३ पटीपलीकडे, फ्लँज (पाइपचे जोड) गळण्याची भीती खरी होऊ लागते. या दोहोंना एकाच रकान्यात बसवणे मला पटत नाही.

शेवटी व्हॉल्व्हच्या पुढचा मार्गही तपासा. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेत ६१० क्रमांकाच्या टाकीचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला होता. फ्लेअरकडे जाणाऱ्या पाइपचा तुकडा मात्र काढून ठेवलेला होता. तुमच्या आराखड्यात फ्लेअर दुरुस्तीसाठी बंद असतानाची स्थिती मला कुठेच आढळली नाही. ती जोडून सुधारित हिशेब पाठवा. तोवर हेडरच्या निर्णयावर मी सही करणार नाही.

तुमचा,
एक ज्येष्ठ सहकारी