इन्फेक्शन बरं झालं, पण हृदयाचं काय? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात घसादुखीतून हृदयाची झडप कशी खराब होते यावर थोडंसं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतोय. चारही प्रश्न तसे वेगवेगळे आहेत, पण मुद्दा एकच की इन्फेक्शन एकीकडे आणि त्याची किंमत मोजतंय हृदय. आणि चारही ठिकाणी गेल्या दहा-बारा वर्षांत मोठे अभ्यास झालेत, त्यामुळे उत्तर नुसतं अंदाजाने द्यावं लागत नाही.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. शाळेत तपासणीचा कॅम्प होता, तिथे छोट्या मशीनवर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून सांगितलं की माइट्रल व्हॉल्व (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप) जाड झालाय आणि थोडं लीक आहे. मोठ्या हॉस्पिटलात परत केला तर तेच आलं. डॉक्टर म्हणतात दर ३-४ आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं. पण तिला काहीच त्रास नाहीये, खो-खो खेळते, धाप लागत नाही. इंजेक्शन इतकं दुखतं की आदल्या रात्रीपासून रडते. सासूबाई म्हणतात, धडधाकट पोरीला कशाला टोचत बसता. खरंच गरज आहे का? (एक आई, जि. सांगली)

उत्तर : ताई, प्रश्न अगदी बरोबर आहे आणि सासूबाईंचंही चुकत नाही, कारण समोर खेळणारी पोर दिसतेय आणि आजार दिसत नाहीये.

आधी काय झालंय ते सांगतो. घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू येतो, घसा दुखतो, ताप येतो, चार-पाच दिवसांत आपोआप बरंही वाटतं. पण काही मुलांच्या शरीरात त्या जंतूशी लढायला जी प्रतिकारशक्ती तयार होते ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप, आज गुडघा सुजला, उद्या घोटा, परवा मनगट, असं दुखणं फिरत राहतं. घरचे म्हणतात वाढीचं दुखणं असेल. कित्येक मुलांना तर एवढंही होत नाही, झडपेला मार बसून जातो आणि कुणाला कळतही नाही. तुमच्या मुलीचं तसंच झालेलं दिसतंय. सांधे बरे होतात हो, झडप मात्र होतेच असं नाही, आणि पुढच्या प्रत्येक स्ट्रेप इन्फेक्शनला तिच्यावर अजून घाव बसू शकतो. इंजेक्शन आत्ताच्या आजारावर नाहीये, ते पुढचा घाव अडवायला आहे.

आता लक्षणं नसलेल्या मुलांना ते द्यावं की नाही, यावर काही वर्षांपूर्वीपर्यंत डॉक्टरांचंच एकमत नव्हतं, कारण इकोची मशीन शाळेपर्यंत पोचल्यावर अशी मुलं ढिगाने सापडायला लागली आणि त्यांचं पुढे काय होतं हे कुणी नीट तपासलेलंच नव्हतं. ते उत्तर युगांडातून आलं. तिथे उत्तर भागात एक लाखाहून जास्त मुलांचा इको केला, त्यातून सुप्त ऱ्हुमॅटिक हृदयरोग (घशाच्या जंतूनंतर झालेला हाच झडपेचा आजार, पण त्रास काही नाही) असलेली ५ ते १७ वयाची ८१८ मुलं अभ्यासात घेतली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन, दुसऱ्याला नाही. दोन वर्षांनी पुन्हा इको केला, आणि इको बघणाऱ्या डॉक्टरांना कोणतं मूल कोणत्या गटातलं हे माहीत नव्हतं. इंजेक्शनवाल्या गटात ३ मुलांचा आजार वाढलेला निघाला, म्हणजे ०.८ टक्के. दुसऱ्या गटात ३३ मुलांचा, ८.२ टक्के. २०२२ साली हे न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

या आकड्यांची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी दहात नऊ मुलांचा आजार दोन वर्षांत वाढला नाही. म्हणजे साधारण १३-१४ मुलांना दोन वर्षं इंजेक्शनं दिली तर एका मुलाची झडप बिघडण्यापासून वाचते. पण ते एक मूल कोणतं हे आधी ओळखता येत नाही, आणि झडप पूर्ण खराब झाली की पुढे ऑपरेशन, मुलगी असेल तर बाळंतपणात जिवाला धोका, हे सगळं मी वॉर्डात बघतो, म्हणून माझं मत स्पष्ट आहे : द्या. निदान दोन वर्षं द्या, मग पुन्हा इको करून पुढचं ठरवा. ज्या मुलांना ऱ्हुमॅटिक ताप (वर सांगितलेला, सांधे सुजवणारा) येऊन गेलाय आणि झडपेत दोष राहिलाय त्यांचा हिशोब वेगळा असतो, त्यांना किमान दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत सुद्धा द्यावं लागतं. तुमची मुलगी कोणत्या गटात बसते हे डॉक्टरांना थेट विचारा. आणि ३ आठवडे की ४ हे सुद्धा, कारण औषधाची रक्तातली पातळी शेवटच्या आठवड्यात बरीच उतरते म्हणून आपल्याकडे बरेच डॉक्टर २१ दिवसांवर देतात. एकदा तारीख ठरली की मग गावची जत्रा असो की मामाचं लग्न, ती चुकवायची नाही.

दुखण्याचं म्हणाल तर ते खरंच दुखतं, औषध घट्ट असतं आणि सुईही जाड लागते. पण कमी करता येतं. बाटली थोडा वेळ हातात धरून कोमट करायची, औषध सावकाश सोडायचं, घाई करायची नाही, आणि डॉक्टरांना विचारून त्यात बधिर करणारं लिग्नोकेन मिसळता येतं. मुलीला उपाशी नेऊ नका, आधी काहीतरी खायला घाला, पाणी द्या, इंजेक्शन आडवं झोपवून घ्या आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबा. रिअ‍ॅक्शनची भीती सगळ्यांनाच असते, युगांडाच्या अभ्यासात हजारो इंजेक्शनं दिली आणि अ‍ॅलर्जीची एक सौम्य रिअ‍ॅक्शन आली. ज्यांची झडप आधीच खूप खराब आहे किंवा हृदयाचं पंपिंग कमी झालंय त्यांच्यासाठी मात्र २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने गोळ्यांचा पर्याय सुचवलाय, कारण अशा पेशंटला इंजेक्शननंतर एकदम बीपी पडून चक्कर येणं महागात पडू शकतं. तुमच्या मुलीला ते लागू नाही. खो-खो खेळू द्या.

प्रश्न : आई ५२ वर्षांची आहे, माइट्रल व्हॉल्व आकसलाय आणि ठोके अनियमित आहेत. असिट्रॉम (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे, दर महिन्याला आयएनआरसाठी (रक्त किती पातळ आहे ती तपासणी) एसटीने तालुक्याला न्यावं लागतं, शेतीच्या दिवसांत फार ओढाताण होते. पुण्याच्या भावाने सांगितलं की आता नवीन गोळ्या आल्यात, त्यात रक्त तपासावंच लागत नाही. बदलून घेऊ का? दुसरं म्हणजे रिपोर्टमध्ये ईएफ ६०% नॉर्मल लिहिलंय, तरी तिला जिना चढताना दम का लागतो? (लातूर जिल्ह्यातून)

उत्तर : दादा, गोळी बदलू नका. आईसारखा आकसलेला माइट्रल व्हॉल्व आपल्याकडे बहुतेक वेळा वर सांगितलेल्या ऱ्हुमॅटिक आजारामुळेच असतो. भाऊ म्हणतो ते खोटं नाहीये, ज्यांना झडपेचा आजार नाही आणि नुसतेच ठोके अनियमित आहेत त्यांच्यात नवीन गोळ्या चांगल्या चालतात. म्हणून सगळ्यांना वाटलं होतं की ऱ्हुमॅटिकच्या पेशंटमध्येही त्या तितक्याच चांगल्या, कदाचित जास्त चांगल्या ठरतील. ते तपासायला २४ देशांत मिळून साडेचार हजारांवर पेशंट घेतले, आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिका, आणि या अभ्यासाच्या प्रमुख संशोधकांपैकी एक तेव्हा आपल्या दिल्लीच्या एम्समध्ये असलेले डॉ. गणेशन कार्तिकेयन. पेशंटचं सरासरी वय पन्नाशीचं आणि चारात जवळपास तीन बायका, म्हणजे अगदी तुमच्या आईसारखेच पेशंट. अर्ध्यांना रिव्हरॉक्साबॅन ही नवीन गोळी, अर्ध्यांना असिट्रॉमसारखी जुनी गोळी. तीन वर्षांच्या आसपास पाठपुरावा केला. जुन्या गोळीवर ४४२ जण दगावले आणि नवीनवर ५५२. २०२२ ला हा निकाल आला तेव्हा भल्याभल्यांना धक्का बसला, कारण जुन्या गोळीवाल्यांचं आयएनआर सुद्धा काही फार छान राहिलेलं नव्हतं, तरी ती पुढे गेली. हा फरक मुख्यतः अचानक मृत्यू आणि हार्ट फेल्युअर यातला होता. कदाचित दर महिन्याला तपासणीच्या निमित्ताने पेशंट डॉक्टरच्या नजरेखाली राहतो हेही त्यामागे असेल, हे माझं मत आहे, सिद्ध झालेलं नाही.

तेव्हा एसटीचा त्रास कबूल आहे पण आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवणं हाच आईचा लकव्यापासून बचाव आहे. आयएनआर काही महिने स्थिर राहिला तर तपासण्यांमधलं अंतर थोडं वाढवता येतं का हे विचारून बघा. मेथी, पालक, शेपू बंद करायची गरज नाही, फक्त आठवडाभर काहीच नाही आणि मग तीन दिवस रोज पालेभाजी असं करू नका, साधारण सारखं प्रमाण ठेवा. अंगदुखीवर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन आणून देणं मात्र कायमचं बंद. दात काढायचा असेल तर आधी असिट्रॉम चालू आहे हे सांगा, मनाने गोळी थांबवू नका.

आता ईएफ. हा आकडा सांगतो की डावा खालचा कप्पा दर ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकतो. आईचा तो कप्पा ठणठणीत आहे, अडचण त्याच्या वरच्या बाजूला आहे. वरच्या कप्प्यातून खाली येण्याचं दार अर्धवटच उघडतंय. नॉर्मल झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, ते दीडपर्यंत किंवा त्याखाली आलं की आजार गंभीर म्हणतात. मग रक्त वर तुंबतं, दाब मागे फुफ्फुसात जातो आणि दम लागतो. जिना चढताना ठोके वाढतात, दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो, म्हणजे त्या अरुंद तोंडातून रक्त खाली उतरायला वेळच उरत नाही. म्हणून बसल्यावर बरं वाटतं आणि चढताना नाही, आणि म्हणूनच डॉक्टर ठोके कमी करणारी गोळी देतात. तुम्ही रिपोर्टमध्ये ईएफऐवजी झडपेचा एरिया, ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) आणि फुफ्फुसाचा दाब हे बघा. एरिया कमी असेल तर फुगा टाकून झडप उघडता येईल का हे विचारा, मांडीच्या शिरेतून करतात, छाती उघडावी लागत नाही. जपानच्या डॉ. कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत काढली आणि आपल्याकडे मोठ्या सरकारी हॉस्पिटलांमधून ती वर्षानुवर्षं होतेय. झडपेवर चुना (कॅल्शियम) किती साचलाय आणि लीक किती आहे यावर ठरतं.

प्रश्न : वय ४६. एचआयव्ही आहे, एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) सेंटरची गोळी रोज घेतो, व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) सापडत नाही इतका कमी आहे. कोलेस्टेरॉल थोडंसंच जास्त आहे. डॉक्टरांनी तरी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुरू करा म्हणून सांगितलं. एचआयव्हीचा आणि हार्टचा काय संबंध? (नाव नको)

उत्तर : संबंध आहे. व्हायरस औषधाने दबला तरी शरीरात हलकी सूज सतत चालू राहते आणि त्याने रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास होतो, म्हणून एचआयव्ही असलेल्यांना हार्ट अ‍ॅटॅकचा धोका त्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त दिसतो. २०२३ मध्ये एका अभ्यासाचा निकाल आला, १२ देश, त्यात भारतही होता, ४० ते ७५ वयाचे ७,७६९ लोक, सगळे एआरटीवर आणि हार्टचा धोका कमी ते मध्यम, म्हणजे एरवी ज्यांना बहुधा कुणी स्टॅटिन दिलंच नसतं. पिटाव्हास्टॅटिन नावाचं स्टॅटिन ४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये हार्ट अ‍ॅटॅक, स्ट्रोक वगैरे मोठे प्रसंग ३५ टक्क्यांनी कमी झाले आणि फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवला. डायबिटीसचं प्रमाण थोडं वाढलं, ५.३ टक्के विरुद्ध ४ टक्के, तेव्हा वर्षातून एकदा शुगर बघत राहा. तुमच्या एआरटीत रिटोनाव्हिर हे औषध असेल तर सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन अजिबात चालत नाही, म्हणून स्टॅटिन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना एआरटीचं कार्ड दाखवा. लाज वाटते म्हणून ही गोष्ट लपवली तर औषधांची टक्कर होऊ शकते.

प्रश्न : भावाला टीबीमुळे हृदयाभोवती पाणी झालं होतं, सुईने काढलं. टीबीच्या गोळ्यांसोबत स्टेरॉइड पण दिलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की टीबीत स्टेरॉइड घातक असतं. बंद करू का?

उत्तर : स्वतःहून अजिबात बंद करू नका, स्टेरॉइड एकदम थांबवणं हेच धोक्याचं आहे. त्याचा डोस हळूहळू उतरवायचा असतो.

देण्याचं कारण असं. टीबीत हृदयाभोवतीचं आवरण सुजतं, पाणी साचतं, ते जातंही, पण पुढे काही जणांमध्ये ते आवरण जाड आणि कडक होऊन हृदयाला आवळून धरतं, मग आवरण काढायचं मोठं ऑपरेशन करावं लागतं. केपटाऊनचे डॉ. बोंगानी मायोसी यांनी आफ्रिकेतल्या ८ देशांत १,४०० पेशंटवर याचा अभ्यास केला, २०१४ मध्ये तो छापला. एकूण हिशोबात, म्हणजे मृत्यू, पाण्याचा जीवघेणा दाब आणि आवळणं हे सगळं धरून, स्टेरॉइडने फरक पडला नाही. पण आवरण आवळण्याचं प्रमाण ७.८ वरून ४.४ टक्क्यांवर आलं. त्याच अभ्यासात भारतात शोधलेल्या मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी या जंतूची इंजेक्शनंही देऊन बघितली होती, त्याचा उपयोग झाला नाही. आणि एक मोठी गोष्ट, ज्यांना एचआयव्ही होता त्यांच्यात या उपचारांसोबत काही कॅन्सर वाढलेले दिसले. म्हणून भावाची एचआयव्ही टेस्ट झालीय का ते विचारा, टीबीच्या पेशंटची ती होतेच सहसा. निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड योग्य आहे. शुगर आणि बीपी मध्ये मध्ये बघा.

टीबीच्या गोळ्या पूर्ण कोर्स. आणि त्यानंतरही वर्षभरात कधी पायावर सूज, पोट फुगणं, मानेच्या शिरा टरारून दिसणं यातलं काही झालं तर लिव्हर, अ‍ॅसिडिटी म्हणून इकडे तिकडे फिरू नका. समोर जो डॉक्टर असेल त्याला पहिल्याच वाक्यात सांगा की हृदयाभोवती टीबीचं पाणी झालं होतं, आणि इको करायला सांगा.