कादंबरी वाचू की खरं घडलेलं?

प्रश्न : निवृत्तीनंतर वाचन वाढलं आहे. मुलगा म्हणतो, ‘बाबा, कथा-कादंबऱ्यांत वेळ कशाला घालवता? चार गोष्टी कळतील असं काही वाचा.’ तुम्ही अलीकडे काय वाचलंत आणि कसं वाटलं, ते सांगाल का? – एक वाचक, कराड

उत्तर : गेल्या महिन्यात दोन जुनी पुस्तकं लागोपाठ पुन्हा वाचली. एक खऱ्या प्रवासाचं, दुसरी कादंबरी. मुलाला दोन्ही द्या.

पहिलं विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी. घरावर कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. शहर पडल्यावर लूट कशी झाली, आधी सोनं-नाणं, मग तांब्या-पितळेची भांडी, हे ते असं सांगतात की अंगावर काटा येतो. यज्ञयागाची वर्णनं मला लांबलेली वाटली, ती भराभर उलटली तरी चालतील. पण काल्पीच्या वाटेवरची विहीर सोडू नका. झाशी गेलेली, राणी तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती त्यांना थांबवते, विद्वान ब्राह्मणाने माझ्यासाठी पाणी काढू नये म्हणते, स्वतः मडक्याने पाणी ओढते आणि ओंजळीने पिते. मला तर अर्धा शेर तांदूळ पुरले असते, असंही बोलून जाते. राणीवर इतकं लिहिलं गेलंय, पण ती मला खरी भेटली ती या विहिरीवर. मिळवलेलं सगळं लुटलं गेल्यावरही हा माणूस गंगेची कावड घेऊन वरसईला परततो आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतो.

दुसरी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, 1955 सालची. माणदेशातल्या धनगरवाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो. शाळेला मुलं नाहीत, कारण मुलं मेंढरांमागे. हळूहळू वाडी त्याला आपला मानते, त्याच्याकडून पत्रं लिहून घेते, तालीम बांधायला एकदिलाने उभी राहते. मग पाऊस दगा देतो आणि माणसं मेंढरं घेऊन पांगतात. एवढंच कथानक. पण शेकूकडे दुसरा बैल नाही, म्हणून त्याची बायको एका बैलाशेजारी स्वतःला जुंपून घेते, ते पान वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिले. माडगूळकर तिथे एक हळहळीचा शब्दही खर्ची घालत नाहीत. चिखल, जू, बाई, बैल. दुष्काळाचे अहवाल मी वाचले आहेत, त्यांत पावसाचे आकडे असतात, जनावरांचे असतात. ही बाई कुठल्याच रकान्यात बसत नाही. तुमच्या मुलाला जे ‘कळायला’ हवं आहे, ते इथे आहे. वाडीतल्या अंजी या तरुण मुलीचा धागा मात्र मला अर्धवट सुटल्यासारखा वाटतो. तिच्याबद्दल अजून वाचायला मिळावं असं फार वाटलं.

तेव्हा खरं की काल्पनिक, अशी निवड करूच नका. लिहिणाऱ्याने माणसाकडे नीट पाहिलंय का, एवढं बघा. गोडशांनी पाहिलंय, माडगूळकरांनीही.

मुलासाठी सुरुवात ‘बनगरवाडी’ने करा. छोटी आहे, दोन-तीन बैठकांत होते. ‘माझा प्रवास’ घेताना आवृत्ती बघून घ्या. 1907 साली लेखकाच्या मागे चिं. वि. वैद्यांनी ते छापलं, पण त्यात बरीच काटछाट केली. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढलेलं पुस्तक ग्रंथालयात मिळालं तर तेच मागा. भाषा पहिली काही पानं अडते, पुढे आपोआप सुटते. मोठ्याने वाचलंत तर आणखी लवकर.