दुसऱ्यांदा कोण आलं?

या महिन्याच्या पत्रांतली चार पत्रं इथे घेतली आहेत. जाहिरातींचा मजकूर लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता माझा बहुतेक वेळ बचत गट, छोटी दुकानं आणि लहान संस्था यांच्या माणसांबरोबर जातो. ‘नवीन माणसं कुठून आणू?’ हे प्रत्येकाला आधी विचारायचं असतं. मी त्यांना आधी हे विचारते, की जो एकदा आला, तो पुन्हा आला का?

प्रश्न : आमचा बायकांचा बचत गट कुळथाचं पीठ, घावनाचं पीठ आणि कोकमाचं आगळ करतो. पुण्याच्या भीमथडी जत्रेत माल छान खपला. तिथे मिळालेल्या नंबरांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला, रोज सुप्रभात आणि ऑफर टाकतो. पण लोक ग्रुप सोडून जातायत. एक एजन्सी महिना १५ हजारांत इन्स्टाग्राम सांभाळू म्हणते. द्यावेत का? (कणकवली)

उत्तर : ताई, आत्ता देऊ नका. आधी हिशेब मांडा. एका पाकिटामागे तुमच्या हातात ३० रुपये उरत असतील, तर नुसते हे १५ हजार भरून निघायला महिन्याला ५०० पाकिटं जास्तीची विकावी लागतील. तेवढं कुळीथ भाजायला, दळायला आणि भरायला गटातल्या बायकांकडे हात आहेत का? नसतील, तर मागणी आली तरी नाराजीच वाट्याला येईल.

ग्रुप बंद करा. अनोळखी माणसांचे नंबर एकमेकांना दिसतात, आणि पुण्यातल्या बाईला ते मुळीच आवडत नाही. त्याऐवजी व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप घ्या आणि ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ जण बसतात आणि प्रत्येकाला निरोप एकट्याला आल्यासारखा जातो. फक्त एक अट आहे, समोरच्याने तुमचा नंबर साठवलेला हवा, नाहीतर निरोप पोचतच नाही. म्हणून पाकिटावरच ठळक छापा : ‘हा नंबर साठवून ठेवा, यंदाचं आगळ तयार झालं की कळवू.’ याच ॲपमध्ये लेबलं लावायची सोय आहे. ‘एकदा घेतलं’ आणि ‘पुन्हा घेतलं’ अशी दोन लेबलं करा. गटाच्या बैठकीत दर महिन्याला दुसऱ्या लेबलाखाली किती नावं वाढली, तेवढंच वाचून दाखवा.

आता निरोप कसा असावा? रोज तर नकोच. माल तयार झाला की लिहा, आणि असं लिहा :

‘नमस्कार, कणकवलीहून बचत गटाच्या बायका. यंदाचं आगळ भरून झालं. अर्ध्या लिटरची बाटली १८० रुपये. पुणे-मुंबईची पार्सलं शुक्रवारी निघतील. हवं असेल त्यांनी गुरुवारी संध्याकाळपर्यंत फक्त बाटल्यांचा आकडा कळवा.’

यात काय आहे, किती आहे, केव्हा निघेल आणि गिऱ्हाइकाने काय करायचं, एवढं सगळं आलं. ‘शुद्ध’, ‘दर्जेदार’, ‘अप्रतिम चव’ हे शब्द काढलेत तरी काही बिघडत नाही, कारण ते सगळेच लिहितात. ‘शुक्रवारी निघतील’ हे मात्र ज्याचं पार्सल खरंच निघणार असतं तोच लिहू शकतो.

तुमच्या पाकिटाचा फोटो पाहिला. त्यात दोन गोष्टींनी मला काळजी वाटली. पहिली म्हणजे त्यावर ‘मुतखड्यावर रामबाण’ असं छापलंय. ते ताबडतोब काढा. खाण्याच्या वस्तूवर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआयचे) २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम त्यासाठीच आहेत. घराघरात कुळथाबद्दल काय बोलतात ते मलाही माहीत आहे, पण घरातलं बोलणं वेगळं आणि पाकिटावर छापणं वेगळं. दुसरी म्हणजे १४ अंकी एफएसएसएआय नंबर मागच्या बाजूला इतका बारीक आहे की वाचता येत नाही. तो, हिरवा ठिपका, घटक, वजन, कधी भरलं, कधीपर्यंत वापरायचं, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन, हे सगळं नीट दिसेल असं घ्या. अनोळखी शहरातला माणूस तुमच्यावर विश्वास ठेवतो तो हे वाचून.

रामबाणाची जी जागा रिकामी होईल तिथे कुळथाच्या पिठीची कृती छापा. तीन चमचे पीठ, दोन वाट्या पाणी, लसूण, मिरची, दोन आमसुलं आणि वरून तेलाची फोडणी. हे मी अगदी मनापासून सांगते आहे. जत्रेत चव घेऊन पाकीट नेलेली कितीतरी माणसं ते कसं करायचं हे माहीत नाही म्हणून डब्यात ठेवून देतात. पाकीट संपलंच नाही, तर दुसरं कशाला मागवतील? आगळाच्या बाटलीवरही तसंच : सोलकढीला एका वाटी नारळाच्या दुधात किती चमचे घालायचं आणि आगळात मीठ आधीच असतं म्हणून वरून बेताने घालायचं, हे लिहा.

इन्स्टाग्राम हवंच असेल तर गटातल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा. कोकम फोडताना, मीठ लावून उन्हात घालताना मोबाइलवर घेतलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पुरते. एप्रिल-मे महिन्यात ते काम अंगणात चालूच असतं.

प्रश्न : ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आमची संस्था वसतिगृह चालवते. दिवाळीत आवाहन केलं की देणग्या येतात, पण तीच माणसं पुढच्या वर्षी देत नाहीत. आम्ही दर वर्षी चाळीस पानी रंगीत अहवाल पाठवतो. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो समाजमाध्यमांवर टाकले तर फरक पडेल का? (बीड जिल्हा)

उत्तर : दादा, फोटोंचं आधी बोलू, कारण ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काही, म्हणजे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, माध्यमांतून उघड करता येत नाही. तुमची मुलं या व्याख्येत येतात का, हे जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला लेखी विचारून घ्या. येत नसतील तरी माझं मत बदलत नाही. आज आठ वर्षांची असलेली मुलगी उद्या वीस वर्षांची होईल, नोकरीच्या मुलाखतीला जाईल, आणि ‘आईबाप उसाच्या फडात, हिला कोण जेवू घालणार?’ अशा ओळीखाली तिचा चेहरा कुणालाही सापडेल. आपल्याला तो अधिकार नाही. चेहऱ्याशिवाय दाखवण्यासारखं पुष्कळ आहे : भिंतीवरचं वेळापत्रक, रात्रीच्या अभ्यासाला मांडलेली दप्तरं, भाकरी थापणाऱ्या मावशी (त्यांना विचारून), पाठमोरी रांग.

देणगीदार परत का येत नाहीत? चाळीस पानांत त्याला त्याचे पैसे दिसत नाहीत म्हणून. त्याने दिवाळीत दोन हजार दिले. पुढे त्याला पावती मिळाली, मग जुलैत एक जाड पाकीट आलं, त्यात अध्यक्षांचं मनोगत आणि पाहुण्यांचे सत्कार. मुलांचं काय झालं हे तो शोधत बसत नाही.

तुमच्या कामाला तर निसर्गतःच वेळापत्रक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम टोळ्या घेऊन निघतो, कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. मग तीन पत्रं लिहा, प्रत्येकी एक पान. पहिलं टोळ्या गेल्यावर : यंदा किती मुलं मागे राहिली, किती आईबापांबरोबर गेली. दुसरं संक्रांतीनंतर : हजेरी कशी आहे, कोण आजारी पडलं (नाव न घेता), धान्याला किती लागले. तिसरं आईबाप परतल्यावर : किती मुलं वर्षाची परीक्षा देऊन वरच्या वर्गात गेली. तिन्ही पत्रांत जे जमलं नाही तेही लिहा. ‘गरम पाण्याची सोय यंदाही झाली नाही, बंबाचे पैसे किराण्याकडे वळवावे लागले’ असं वाक्य मी एखाद्या संस्थेच्या पत्रात वाचते, तेव्हा मला त्या संस्थेच्या बाकीच्या आकड्यांवरही भरवसा वाटतो.

या तीन पत्रांत पैसे मागू नका. देणगी आल्यावर दोन दिवसांत वसतिगृहाच्या अधीक्षकांनी फोन करावा, तोही नुसता आभाराचा. पुढच्या दिवाळीच्या आवाहनात मग मोकळेपणाने मागा, आणि रक्कम सांगून मागा. ‘यथाशक्ती’ लिहिलं की माणूस विचारात पडतो आणि तो विचार पुढे ढकलतो. एका मुलाच्या एका महिन्याच्या जेवणाचा खर्च तुमच्या वहीतून काढा आणि खरा असेल तोच आकडा छापा.

‘८० जी खाली करसवलत’ हे तुमच्या आवाहनाचं पहिलं वाक्य आहे, ते खाली न्या. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही आणि आता बरेच पगारदार त्याच प्रणालीत आहेत. जुन्या प्रणालीतल्यांनाही २००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर ती मिळत नाही. शेवटी एका ओळीत तेवढं लिहा. देणारा त्या मुलांसाठी देतो, तेच वर असू द्या.

प्रश्न : माझी पिठाची गिरणी आहे. जवळच मोठं सुपरमार्केट झालं, तयार पिठाच्या पिशव्या मिळू लागल्या. वर्तमानपत्रात घालायला पाच हजार पत्रकं छापावीत असं मुलगा म्हणतो. (नाशिक)

उत्तर : पाच हजार नकोत. गिरणीला लोक चालत किंवा दुचाकीवर येतात, डबा घेऊन. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक आसपासच्या दहा-पंधरा सोसायट्यांत आहे. तेवढ्यांच्या सूचनाफलकावर, सचिवांना विचारून, एकेक कागद लावा. त्यावर असं काही लिहा जे पिशवीतलं पीठ देऊ शकत नाही : उपवासाची दळणं कोणत्या वारी, जातं स्वच्छ करून, ज्वारी-बाजरी कोणत्या वेळी, म्हणजे त्यात गव्हाचं पीठ मिसळणार नाही, चकलीची भाजणी दिवाळीआधी कोणत्या तारखेपर्यंत घेणार. तक्रारी बहुतेक या मिसळण्याच्याच असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि दळण झालं की निरोप पाठवा : ‘काकू, डबा तयार आहे, रात्री नऊपर्यंत उघडं आहे.’ वाट पाहणं वाचलं की माणूस सुपरमार्केटकडे वळत नाही.

मुलाच्या उत्साहाला दुसरं काम द्या. गुगलवर गिरणीची नोंद करायला सांगा, ती मोफत होते. वेळा, साप्ताहिक सुट्टी, फोन आणि दारातून समोरचं देऊळ किंवा बसथांबा दिसेल असा फोटो घाला. सणाला बंद असाल तर तेही आधी बदला. बंद दारापाशी डबा घेऊन उभं राहिलेलं माणूस सहसा पुन्हा येत नाही. कुणी वाईट शेरा लिहिला तर भांडू नका, ‘तुमचं दळण परत आणा, बदलून देतो’ एवढं लिहा. ते उत्तर शेरा लिहिणाऱ्यापेक्षा नंतर वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असतं. पाटी बदलताय तर नाव मराठीत, देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवं. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीपासून छोट्या दुकानांनाही ते बंधनकारक आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयासाठी न्यू जर्सीतला पुतण्या तिथल्या मित्रांकडून पैसे गोळा करून देतो म्हणतो. क्यूआर कोड असलेलं पत्रक त्याला पाठवू का? (सातारा जिल्हा)

उत्तर : थांबा, अजून पाठवू नका. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. पण ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्याची देणगी विदेशी ठरते, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी. तिथल्या मंडळाने दिलेली रक्कमही तशीच. ती घ्यायला २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० पासून असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. म्हणून पत्रकावर पहिल्याच ओळीत लिहा : ‘सध्या फक्त भारतीय नागरिकांकडून देणगी स्वीकारतो.’ पुतण्यालाही नीट समजावून सांगा की मित्रांचे पैसे स्वतःच्या खात्यातून एकत्र पाठवू नकोस. ज्या मित्रांना देता येणार नाही, त्यांच्याकडून सुट्टीत गावी येताना वाचलेली मराठी पुस्तकं आणवता येतील का, हे तुमच्या सनदी लेखापालांना विचारून ठेवा, कारण वस्तूंनाही हा कायदा लागू होतो.