‘प्रतिष्ठा जोखीम’ की ‘नावाला बट्टा’?

गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : वार्षिक अहवालात ‘प्रतिष्ठा जोखमीच्या आर्थिक प्रभावाचे मोजमाप’ असे लिहिले आहे, म्हणजे कंपनीचे नाव खराब होण्याच्या धोक्याचा (रेप्युटेशनल रिस्कचा) पैशातला हिशेब; ते बरोबर आहे का? की ‘पतजोखीम’ म्हणावे?

‘पतजोखीम’ अजिबात नको. दिलेले कर्ज किंवा उधारी बुडण्याच्या धोक्याला तो शब्द आधीच लागलेला आहे. पतसंस्था, पतमानांकन ही त्याच घरातली मंडळी. ‘ख्याती’ही टाळा. हिशेबात ती गुडविलसाठी, म्हणजे धंद्याच्या नावाच्या किमतीसाठी, रुळली आहे आणि तिथे गंमत अशी, की स्वतः कमावलेली ख्याती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवताच येत नाही. दुसऱ्याचा धंदा विकत घेताना तिच्यापोटी मोजलेली रक्कम तेवढी दिसते. ‘प्रतिष्ठा’ चूक नाही, पण जरा सोवळ्यातली वाटते. धंद्याचे असते ते नाव. अहवालात ‘नावलौकिकाची जोखीम’ लिहावे.

आता पैशाचा भाग. त्यासाठी मराठीत जुना, नेमका शब्द आहे : बट्टा. कोल्हापूरचा शंभूपिरखानी, शिवाय चांदवडी, अंकुशी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत, तेव्हा नाणे झिजलेले किंवा कमी भरवशाचे असले की सराफ बदलून देताना काही रक्कम कापून घेई. तो बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’ म्हणताना आपल्याला नुसता डाग दिसतो, पण त्यात कापलेली रक्कमही आहे.

तुमच्याच कारखान्यातले बघा. कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघाले आणि लॉट परत आला. बदली माल, ट्रकभाडे, दंड हा झाला सरळ खर्च; त्याची बिले असतात. पुढच्या ऑर्डरला तोच ग्राहक म्हणतो, ‘तपासणी तुमच्या खर्चाने, आणि दर थोडा कमी करा.’ हा बट्टा. त्याचे बिल कुणी देत नाही, म्हणून तो अहवालातून निसटतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा असा तोटा काढताना अभ्यासक शेअरच्या घसरणीमुळे कमी झालेल्या बाजारमूल्यातून एकूण बाजाराच्या पडझडीचा वाटा, दंड आणि भरपाई वजा करतात. उरते ते नावापायी गेलेले. तुमची कंपनी नोंदलेली नसेल, तर सुटलेल्या ऑर्डरी आणि उतरवलेले दर हाच आधार.

राहिले दोन शब्द. ‘प्रभाव’ हिंदीच्या वळणाचा आहे. इथे ‘परिणाम’ किंवा सरळ ‘फटका’ लिहा. आणि ‘मोजमाप’ घडून गेलेल्या नुकसानीचे होते. जोखीम अजून घडायची असते, तिचा अंदाजच बांधायचा. म्हणून मी लिहिले असते : ‘नावलौकिकाला बाधा आल्यास बसणाऱ्या आर्थिक फटक्याचा अंदाज’. ‘बट्टा’ शीर्षकात घालायला तुमचे संचालक तयार झाले, तर मात्र मला जरूर कळवा.