पहिल्या आठवड्यात चिडचिड झाली म्हणून घाबरू नकोस

हे बघ भावा, पॉर्न सोडल्यावर झोप उडणं, चिडचिड होणं हे मलाही झालं, ओसरतं ते. आधी एक समजून घे, डोपामाइन हे मेंदूतलं रसायन म्हणजे नुसती मजा नाही, ते ओढ लावतं, म्हणून तर मजा कधीच संपलेली असते तरी आपण तासभर टॅब बदलत बसतो, नवीन काहीतरी दिसेल म्हणून. आणि मेंदू इशारे पकडतो, रात्र, एकटेपणा, हातात मोबाईल, झालं, ओढ सुरू. त्यामुळे मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेव, माझ्यासाठी हेच सगळ्यात जास्त कामाला आलं. २०१४ मध्ये बर्लिनच्या ६४ पुरुषांवरच्या अभ्यासात जास्त बघणाऱ्यांच्या मेंदूचा रिवॉर्डशी, म्हणजे काहीतरी छान मिळाल्याच्या भावनेशी, जोडलेला एक भाग लहान दिसला, पण कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्यातून ठरत नाही, तेव्हा मेंदू कायमचा बिघडला असं डोक्यात घेऊ नकोस. बायकोला मात्र सांग. मी पॉर्न बघायचो यापेक्षा ते लपवलं याचा त्रास माझ्या बायकोला जास्त झाला होता, तिला वाटायचं आपल्यातच काही कमी आहे. घसरलास तर स्वतःला शिव्या घालू नकोस, त्या लाजेतूनच माणूस परत तिकडे वळतो. अजिबातच आवरत नसेल तर सरळ समुपदेशकाकडे जा.